तोदोसिया आणि गाव्रिलाची झोंगोरा

कोसाउ नदीच्या खोऱ्यात तोदोसिया रेदनिकने सव्वीस वर्षं टपाल वाटलं. उन्हाळ्यात सायकलवर, हिवाळ्यात पायी. अंगात पोस्टाचा निळा डगला आणि पायांत नवऱ्याचे बूट, कारण बायकांच्या मापाचे बूट तिला कधी झालेच नाहीत. उंच, काटकुळी, लांब हातांची बाई. कोणाच्या घरी पेन्शन अडकली आहे, कोणाच्या मुलाचं इटलीहून चार महिने पत्र नाही, हे सगळं तिला ठाऊक असे आणि तिच्या पोटातच राहत असे. गावात तिला मान होता तो त्यामुळे. चिरलेल्या झोंगोरांमुळे मिळालेला मान फार नंतरचा.

तिचा बाप तोआदेर कौलं बनवायचा. आमच्याकडच्या चर्चांच्या भिंती लाकडाच्या आणि छपरावरची कौलंही लाकडाचीच, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या. ही कौलं करवतीने कापून चालत नाहीत. करवत लाकडाचा धागा तोडते, आणि तुटलेल्या धाग्यातून पाणी आत शिरतं. कौल फोडावं लागतं, लाकूड आपण होऊन जिथून उकलेल तिथूनच. त्यासाठी सरळ धाग्याचं झाड हवं आणि ते उभं असतानाच ओळखता यायला हवं, नाहीतर शंभर वर्षांचं झाड सरपणासाठी पाडल्यासारखं होतं. तोआदेरला मुलगा नव्हता, म्हणून तो मुलीला रानात न्यायचा.

तोदोसिया नऊ वर्षांची असताना त्याने तिला एका खोडाला कान लावून उभं केलं आणि पलीकडून कुऱ्हाडीच्या पाठीने ठोका दिला. पहिलं झाड पिठाच्या पोत्यावर थाप मारावी तसं वाजलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या झाडाला ठोका बसला, तेव्हा खोडाच्या आतून कोणीतरी शेंड्यापर्यंत धावत गेलं आणि तिथून परत खाली आलं, असा आवाज झाला. पोर दचकून मागे सरली. आत कोण आहे, असं तिने बापाला विचारलं.

तोआदेर हसला नाही. "कोणी नाही. लाकूड आहे," तो म्हणाला. "पण नुसतं लाकूड म्हणू नकोस."

पुढे बाप गेला, ती लग्न होऊन निकोआराच्या घरी आली, पोस्टात लागली, आणि झाडांना कान लावणं मागे पडलं. निकोआरा लाकडाच्या गिरणीत कामाला होता. त्याच्या लेखी लाकूड म्हणजे घनमीटर.

आता झोंगोराचं सांगायला हवं. झोंगोरा म्हणजे साधी गिटारच, पण आमच्याकडे तिचं जे होतं ते पाहून शहरातला वादक डोक्याला हात लावील. सिगेत शहराच्या बाजारातून सर्वांत स्वस्त गिटार आणायची, दोन तारा काढून टाकायच्या आणि उरलेल्या अशा लावायच्या की बोटांना फारसं काम उरू नये. मग ती छातीशी उभी धरायची, लहान मूल कडेवर घ्यावं तशी, आणि जाड नखीने झोडपायची. शेजारी व्हायोलिन आणि ढोल. व्हायोलिनवाला सूर घेऊन कुठंही भटकून येतो, पण पाय टेकायला त्याला झोंगोराचा ठोका लागतो. लग्न संपलं की झोंगोरा घरी खिळ्याला टांगायची. खिळा नेमका चुलीच्या भिंतीला, सादळू नये म्हणून. आणि जानेवारीत, बाहेर बर्फ आणि आत चूल धडधडत असताना, एखाद्या दुपारी भिंतीवरून टक्कन आवाज येतो. गिटारची पुढची फळी, तारा जिथे टेकतात त्या घोडीपासून तळापर्यंत चिरलेली असते.

टपाल वाटताना तोदोसियाने अशा कितीतरी चिरलेल्या झोंगोरा पाहिल्या होत्या. कोणी पत्र्याची पट्टी ठोकलेली, कोणी चिकटपट्टी लावलेली. एका नोव्हेंबरात ती मिक्लाउशची पेन्शन घेऊन गेली, तर तो अंगणात चुलीसाठी फाटी फोडत होता आणि ढिगावर सर्वांत वर त्याची झोंगोरा पडली होती.

"हिला काय झालं?" तिने विचारलं.

"फाटली. कोंबड्यांना घालता येत नाही, म्हटलं चुलीला तरी घालावी."

तोदोसियाने ती उचलली आणि सहज बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं. मग पुन्हा केलं. मिक्लाउशने विचारलं, वाजवता येते का. ती म्हणाली, नाही.

"मग कशाला हवी?"

"तू पेन्शनच्या पावतीवर सही कर आणि गप्प बस."

तिने ती घरी नेली. हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा गोंद चिरेत भरला, नवऱ्याचे दोन पट्टे आवळले आणि आठवडाभर तशीच ठेवली. पुढच्या हिवाळ्यात फळी गोंदाच्या अगदी शेजारून पुन्हा उकलली. निकोआराला गंमत वाटली. माझ्या सदऱ्याचं बटण दोन महिने तुटलंय, तो म्हणाला, त्याला तारा लावू का, म्हणजे तरी शिवशील? पलंगावर, खुर्चीवर, जिथे बसायला जावं तिथे ती गिटार, म्हणून तो वैतागला, तेव्हा तोदोसियाने ती तळघरात बटाट्यांपाशी नेऊन ठेवली.

नऊ दिवसांनी ती बटाटे आणायला उतरली. हातातली बॅटरी सहज झोंगोरावर गेली, आणि तिला चीर दिसेना. आधी वाटलं, आपण उलटी बाजू बघतोय. मग वाटलं, निकोआराने काहीतरी केलं. तिने नख फिरवलं. नख कुठंही अडकलं नाही. झोपलेल्या माणसाचे ओठ मिटावेत तशी चीर आपली आपण मिटली होती. तोदोसिया बटाट्याच्या पोत्यावर बसली. ज्या झाडाची ही फळी, ते तीस वर्षांपूर्वी कापलेलं. त्याला सोललं, चिरलं, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पातळ केलं, रंग फासला, इतक्या लग्नांत झोडपलं. आणि त्याला अजून तहान लागत होती. तळघरातला ओलावा त्याने नऊ दिवस घोट घोट पिऊन घेतला होता. ती वर आली, तेव्हा निकोआराने विचारलं, बटाटे कुठंयत? बटाटे ती विसरून आली होती. हे तिने कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, आणि सांगितलं तर लोक काय म्हणतील?

त्यानंतर ती हळूहळू शिकत गेली. ओली-ओली असताना चिकटवली तर वाळल्यावर पुन्हा फाटते, म्हणून तळघरातून काढून दोन दिवस थंड खोलीत ठेवायची. पांढरा गोंद नाही, सुतार वापरतात तो जनावराच्या कातड्याचा गरम सरस. आणि आतून, चिरेवर आडवी, नखाएवढी पातळ लाकडी ठिगळं. हे शेवटचं काम गावातल्या एकाही सुताराला जमलं नसतं, कारण त्यांचे पंजे गिटारच्या भोकातून जात नाहीत. तोदोसियाचा हात मात्र कोपरापर्यंत आत जायचा. लहान आरसा आत सरकवून, आरशात बघत, उलट्या दिसणाऱ्या बोटांनी ती ठिगळ बसवायची. मिक्लाउशची झोंगोरा परत वाजली. त्याने ती घेतली, दोनदा नखी मारली आणि टोपी काढली. मग खोऱ्यातल्या इतरांच्याही यायला लागल्या. कोणी अंडी द्यायचं, कोणी होरिंका, म्हणजे प्लमची दारू. होरिंका निकोआराच्या वाट्याला जायची, त्यामुळे त्याचे टोमणे जरा कमी झाले.

गाव्रिलाची झोंगोरा आली ती तोदोसिया निवृत्त होण्याच्या वर्षी, जानेवारीच्या शेवटी.

गाव्रिला दुधाची गाडी चालवायचा आणि चौतीस वर्षं म्हाताऱ्या इफ्तेनियेच्या व्हायोलिनला साथ करायचा. इफ्तेनिये तेव्हा एक्याऐंशीचा. डोळे जवळजवळ गेलेले, पण खोऱ्यात त्याच्या व्हायोलिनशिवाय लग्न लागलं तर ते लागलं असं कोणी मानत नसे. गाव्रिलाची झोंगोरा नाताळानंतर चिरली, तेव्हा त्याच्या मुलाने स्पेनहून नवी पाठवली. चांगली, महाग, चकाकणारी. गाव्रिला ती घेऊन ऐटीत म्हाताऱ्याकडे गेला. इफ्तेनियेने तिच्याबरोबर अर्धं गाणं वाजवलं आणि व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण ही स्वतःलाच ऐकत बसते."

गाव्रिलाने हे तोदोसियाच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेही त्यानेच कबूल केलं. नवी गिटार गुंजत राहायची. पहिला ठोका विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढायचा आणि व्हायोलिनला पाय टेकायला जागाच सापडायची नाही. जुनी कशी, ठोका दिला की ठणकन बोलायची आणि लगेच गप्प व्हायची. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधीच्या रविवारी लाकडाच्या गिरणीवाल्यांच्या मुलीचं लग्न होतं. जुनी झोंगोरा नसेल तर मी येत नाही, असं इफ्तेनियेने सांगून टाकलं होतं.

तोदोसियाने झोंगोरा उजेडात धरली. चीर वीतभर लांब होती आणि तिच्यात काहीतरी काळं भरलं होतं.

"यात काय घातलंस, गाव्रिला?"

तो जरा खालीच बघत होता. "मेण. मेणबत्तीचं."

"आणि?"

"थोडं डांबर."

"थोडं म्हणजे?"

"गाडीच्या छपराला लावतात ना, ते. गळत नाही मग."

"हिच्यात दूध भरणार होतास का?" तोदोसियाने विचारलं, आणि निकोआरा इतका हसला की त्याला खोकला आला.

आठ दिवस तळघरात ठेवूनही ती चीर मिटली नाही, आणि मिटणार नाही अशी तोदोसियाला शंका होतीच. मेण लागलेल्या लाकडाला सरस धरत नाही. आत मुरलेलं डांबर खरवडून काढावं लागलं, त्याबरोबर चिरेच्या दोन्ही कडांचं लाकूडही गेलं, आणि शेवटी जी फट उरली तिच्यात नाणं उभं राहिलं असतं. आता नुसतं चिकटवून भागणार नव्हतं. तिथे लाकूडच घालायला हवं होतं, आणि तेही असं की फळीला ते परकं वाटू नये.

कोणतं लाकूड घालायचं हे ठरवायला तिला फळीचा धागा नीट बघायचा होता. पण वर रंगाचा जाड थर, कडेला काळपट, मधे पिवळा, कारखान्यातल्या घाईत फासलेला. म्हणून तिने एका दुपारी खिडकीवर घोंगडी टांगली, एक बारका दिवा वायरसकट गिटारच्या भोकातून आत सोडला आणि बटण दाबलं.

फळी आतून पेटली. दिव्यासमोर तळहात धरल्यावर बोटांच्या कडा लाल दिसतात, तसा मधाळ लाल उजेड फळीभर पसरला. आतल्या आधाराच्या पट्ट्यांच्या सावल्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. आणि त्या उजेडात वरपासून खालपर्यंत रेघा होत्या. बारीक, सरळ, एकीशेजारी एक, कुठेही न वळलेल्या, कुठेही न चुकलेल्या. एक रेघ म्हणजे झाडाचं एक वर्ष. तोदोसियाने सुई घेतली आणि मधल्या जोडापासून कडेकडे मोजायला लागली. साठपर्यंत मोजलं आणि तिला वाटलं, आपण चुकलो. पुन्हा सुरुवात केली. या खेपेला तिने दर दहा रेघांना खडूचा ठिपका दिला.

मग तिने निकोआराला हाक मारली.

तो हातात पाव घेऊनच आला. अंधार का केलाय, असं विचारणार होता. तोंड उघडलेलंच राहिलं. चाळीस वर्षं तो गिरणीत लाकूड कापत होता, पण लाकूड असं आतून पेटलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं.

"एकशे सत्त्याऐंशी," तोदोसिया म्हणाली. "एवढ्याशा फळीत. खोडाचा गाभा यात नाही, बाहेरची कडही नाही. म्हणजे झाड त्याहून कितीतरी मोठं."

निकोआराने पाव खिडकीत ठेवला, हात सदऱ्याला पुसले, आणि मग एक बोट हळूच फळीवर टेकवलं. जोडाच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या रेघा हुबेहूब सारख्या होत्या, पुस्तक उघडल्यासारख्या. एकच तुकडा चिरून उघडलेला.

"आम्ही असलं लाकूड बाजूला काढून ठेवायचो," तो म्हणाला. "व्हायोलिन बनवणाऱ्यांसाठी. या सिगेतच्या गिटारीत हे आलं कुठून?"

"ज्याने घातलं त्याला तरी ठाऊक असेल का?"

दोघं बराच वेळ तिथेच उभे राहिले. तोदोसियाच्या मनात येत होतं, की कुठल्या तरी उतारावर, जिथे उन्हाळा अगदी तोकडा, तिथे हे झाड दर वर्षी केसाएवढंच वाढलं असणार. राजे आले, गेले, सीमा इकडच्या तिकडे झाल्या, तिच्या पणजीचीही पणजी जन्माला आली. तोवर ते एकेक रेघ ओढत राहिलं. आणि मग त्याचं काय झालं, तर बाजारातली सर्वांत स्वस्त गिटार. गाव्रिलाने तिच्यात डांबर भरलं म्हणून तिला मघापर्यंत हसू येत होतं. आता त्या फटीकडे बघवेना.

एवढ्या बारीक रेघांचं, इतकं वाळलेलं स्प्रूस आणायचं कुठून? निकोआराने गिरणीतले तुकडे आणून दिले. ते कालपरवाचं, झपाट्याने वाढलेलं लाकूड, रेघा चांगल्या ऐसपैस. फळीशेजारी धरलं तर रेशमाला पोत्याचं ठिगळ लावावं, तसं दिसायचं. चौथ्या दिवशी तोदोसियाला चर्चमागचा ढीग आठवला. आदल्याच शरद ऋतूत चर्चच्या उत्तरेकडची कौलं बदलली होती आणि जुनी कौलं मागे रचून ठेवली होती, शेगडीसाठी.

पाद्रीबुवा तरुण होते, दोन वर्षांपूर्वीच, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधी याच खोऱ्यात लग्न करून मग दीक्षा घेऊन गावात आलेले. ढीग उपसणारी तोदोसिया पाहून ते बाहेर आले. कशासाठी हवंय, हे कळल्यावर त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"म्हणजे मावशी, चर्चचं छप्पर तुम्ही झोंगोरात लावणार?"

"छप्पर नाही, पाद्रीबुवा. काडी. काडीएवढंच."

"त्या झोंगोरावर कसली गाणी वाजतात, ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"तुमच्या लग्नात वाजली तीच."

पाद्रीबुवा हसले आणि स्वतःच बाह्या सावरून ढिगाशी वाकले. दोघांनी मिळून साठेक कौलं चाळली. उघड्यावरची कौलं पावसाने खाऊन पातळ झाली होती. पण वळचणीखालच्या रांगेतली, जिथे पाऊस पोचला नव्हता, ती घट्ट होती. वरून राखाडी, उंदराच्या पाठीसारखी. तोदोसियाने एकेकाच्या टोकाला चाकूने खोच मारून रेघा बघितल्या. त्या घट्ट कौलांतलं अकरावं हातात आलं. चाकूचा एक हात फिरवला, राखाडी साल निघाली, आणि आत ताज्या लोण्याच्या रंगाचं लाकूड होतं. बारीक रेघा, फळीच्या रेघांना रेघ लागेल अशा. तिने ते नाकाशी नेलं. साठ-सत्तर वर्षं छपराखाली बसलेल्या त्या कौलाला राळेचा वास येत होता, जसा आजच रानातून आणलं असावं. तिने ते पाद्रीबुवांपुढे धरलं. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला.

"न्या," ते म्हणाले. "काडी कशाला, सगळं कौल न्या."

कौलातून कपची काढायला तोदोसियाने करवत वापरली नाही. चाकू टोकावर ठेवला, वरून एक हलकी थाप दिली आणि लाकूड स्वतःच सरळ उकललं. मग तीन दिवस ती त्या कपचीला पातळ करत होती. वरून जाड, खालून निमुळती, पाचरीसारखी. दर वेळी फटीत बसवून बघायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा अर्धं केसभर घासायची. निकोआरा गिरणीतून आला की आधी टेबलाकडे यायचा, मग बूट काढायचा. चौथ्या दिवशी कपची दाबल्यावर आत गेली आणि अडली, ना सैल ना घट्ट.

सरस लावण्याचं काम दोघांनी केलं. गरम सरस अर्ध्या मिनिटात घट्ट होतो, एवढ्याच वेळात सगळं व्हायला हवं. निकोआराने सरसाचं भांडं गरम पाण्यात धरलं आणि फळी लाकडाला सोसेल एवढी शेकली. तोदोसियाने ब्रश फिरवला, कपची बसवली, वरून मेणकागद, त्यावर पट्टी, त्यावर वाळूची पिशवी. "बास?" निकोआराने विचारलं. "बास," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने आत हात घालून पाच ठिगळं बसवली, नखाएवढी, आणि कांद्याच्या पातीसारखी पातळ. जाड ठिगळ लावलं तर फळी मुकी होते, आणि फळी जास्त मोकळी झाली तर ती त्या स्पॅनिश गिटारसारखी गुंजत बसेल, ही तिची भीती. कपचीचा रंग जुळवायला कॉफी आणि अक्रोडाच्या सालीचं पाणी पुरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी उणे चौदा अंश होतं. गाव्रिलाने झोंगोरा शुक्रवारीच नेली होती आणि ठोका जुनाच आहे, एवढाच निरोप पाठवला होता. पण तोदोसियाला त्याने समाधान होईना. नवरीच्या घरापासून चर्चपर्यंत वरात पायी जायची, वाजवत. म्हणजे आधी तासभर उणे चौदा, मग थेट सभागृहाची गरम हवा, दोनशे माणसं, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सारमालेची उकळती पातेली. धडधाकट लाकूडसुद्धा यात टक्कन बोलतं. बर्फातून वरात निघाली तेव्हा तोदोसिया नवरीकडे न बघता गाव्रिलाच्या कोपराशी चालत होती. कोणीतरी म्हणालं, पोस्टवाली मावशी अजून पत्र द्यायचं राहिल्यासारखी का चाललीय. ती हसली नाही. फळीवर दंव जमत होतं आणि नखीच्या ठोक्याने उडत होतं.

सभागृहात शिरल्यावर फळीवर वाफ धरली, थेंब झाले, आणि गाव्रिलाने ते बाहीने पुसले. तोदोसिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नाच सुरू झाला. इफ्तेनियेचं व्हायोलिन उंच गेलं, वाट सोडून कुठेतरी लांब गेलं, आणि खाली झोंगोरा ठणकन बोलून गप्प, ठणकन बोलून गप्प. दोनशे माणसांचे पाय त्या ठोक्यावर एकदम पडत होते आणि जमिनीच्या फळ्या दबून वर येत होत्या. तोदोसियाला तो ठोका बुटांतून पायांत, पायांतून पोटात चढलेला जाणवला. आपण चाकूने घासलेली काडी त्या आवाजात कुठेतरी आहे, हे तिला खरंच वाटेना. ती ऐकत राहिली. टक्कन काही झालं नाही. एक तास, दोन तास, काहीच झालं नाही.

जेवणं चालू असताना इफ्तेनियेने तिला बोलावून घेतलं. झोंगोरा त्याच्या मांडीवर होती.

"कुठं जोडलीस ते मला सांगू नकोस," तो म्हणाला.

त्याने डोळे मिटले, तसेही त्यांचा उपयोग नव्हता, आणि बोटं फळीवर फिरवली. साठ वर्षं तारांवर झिजलेली बोटं, टोकांना शिंगासारखी. वरून खाली, खालून वर, मग आडवी. एका जागी ती थांबली.

"इथे?"

"नाही, आजोबा. तिथे गाव्रिलाची नखी लागते."

त्याने पुन्हा शोधलं. बोटं कपचीवरून दोनदा गेली, डावीकडून आणि उजवीकडून, आणि थांबली नाहीत. तिसऱ्या खेपेनंतर त्याने हात उचलला.

"कशाने भरलंस?"

तिने चर्चच्या कौलाचं सांगितलं. एकशे सत्त्याऐंशी रेघांचं सांगितलं. म्हाताऱ्याने झोंगोरा उचलून तिच्या मागच्या फळीला कान लावला आणि फळीवर एकदा बोटाने टिचकी दिली. मग तसाच बसून राहिला, कान लावलेला, जणू अजून काही यायचं आहे.

"आणि हे सगळं या टुकार गिटारीत," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू. मग त्याने गाव्रिलाला हाक मारली आणि तंबी दिली, की हिला पुन्हा चुलीजवळ टांगलीस तर तुझ्या घरच्या मयतालासुद्धा मी वाजवणार नाही.

गाव्रिलाने एक ताट भरून आणलं, तोदोसियापुढे ठेवलं आणि ती पहिला घास खाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

पलीकडच्या टेबलावर निकोआरा गिरणीच्या लोकांना त्या दुपारचं वर्णन करत होता. घोंगडी, दिवा, लाल उजेड. आकडा सांगताना त्याने दोनशेवर नेला होता. कोणीतरी थट्टा केली, लाकडाला एवढं काय बघायचं, तू तर रोज गाडीभर कापतोस. निकोआरा हसला नाही.

"बघितलंच नव्हतं रे," तो म्हणाला.

झोंगोरा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तोदोसियाने ताट बाजूला सारलं, डगला काढून खुर्चीवर टाकला आणि नवऱ्याच्या टेबलाकडे गेली. त्याने तिला बघितलं, ग्लास खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. त्याचे गुडघे दुखायचे आणि ती त्याच्यापेक्षा वीतभर उंच होती, तरी दोघं त्या गर्दीत शिरले.